साठ ड्राइव्ह, मार्चअखेर

सोमवार, १ सप्टेंबर

एक पॅलेट! अख्ख्या पूर्व भारताला एक पॅलेट!

सकाळी केयूरचा फोन, बंगळुरूहून. केयूर म्हणजे माझा साहेब. वयाने माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. आवाज इतका गोड की वाटलं, बढतीच देतोय. "मधुवंती, या तिमाहीत मोठ्या ड्राइव्हचा कोटा जरा टाइट आहे." जरा! बंगाल, बिहार, ओडिशा, आसाम — सगळ्यांत मिळून एक पॅलेट, म्हणजे एका लाकडी चौकटीवर रचलेली तेवढीच खोकी. बाकीचा माल थायलंडच्या कारखान्यातून थेट अमेरिकेला. एआयवाल्यांनी पुढच्या वर्षाचं उत्पादनसुद्धा आत्ताच बुक करून ठेवलंय म्हणे. मी म्हटलं, मग नवीन लाइन टाका की कारखान्यात. तो म्हणाला, "मागे टाकल्या होत्या आणि माल पडून राहिला होता. आता वरचे लोक घाबरतात."

इतकी वर्षं हार्ड डिस्क विकतेय मी. लग्नात, मुंजीत, मंडळात, जिथे जाईन तिथे लोक विचारायचे — "अजून चालतं का हे? आता सगळं क्लाउडवर असतं ना?" क्लाउड म्हणजे काय वर आभाळात असतं का रे बाबांनो? कुठल्यातरी थंडगार गोदामात आमच्याच तबकड्या फिरत असतात. आता कळलं सगळ्यांना. आता फोनवर फोन.

मला खरं तर आनंद व्हायला हवा. झाला नाही.

मंगळवार, २ सप्टेंबर

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

पॅलेट एक आणि मागणारे दोन.

पहिले न्यू टाउनवाले. नवीन डेटा सेंटर, चकाचक. त्यांना अख्खं पॅलेट हवंय, न फोडलेलं. एकाच बॅचचा माल, नाहीतर नको. त्यातले थोडे कुणाला दिले तर पूर्ण ऑर्डर रद्द. हा हट्टीपणा नाही, त्यांची यंत्रणाच तशी असते. आणि ही ऑर्डर गेली तर माझं वर्ष गेलं. कोलकात्याचं ऑफिस ठेवायचं की बंद करायचं, ही कुजबुज गेली दिवाळी झाल्यापासून चालूच आहे. ऑफिस म्हणजे मी आणि आणखी सहा जणं.

दुसरं गिऱ्हाईक अजेयचं हॉस्पिटल. अजेय म्हणजे माझा नवरा. त्यांना साठ ड्राइव्ह हवेत, फक्त साठ. सीटी, एमआरआय, एक्स-रे, जे काही निघतं ते सगळं तिथल्या सर्व्हरवर साठवतात आणि तो भरत आलाय. जागा संपली की जुने स्कॅन पुसायचे. आणि जुने स्कॅन म्हणजे अजेयचा जीव की प्राण! तो रेडिओलॉजिस्ट. लग्न माझ्याशी केलं, संसार त्या काळ्या-पांढऱ्या चित्रांशी. कोणी रिपोर्ट घेऊन आलं — अगदी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत — की याचा पहिला प्रश्न ठरलेला. "आधीचा स्कॅन आहे?" कारण आज दिसलेला डाग दहा वर्षांपूर्वीही तेवढाच असेल, तर तो नुसता डाग. घरी जा, जेवा. आणि आधीचा स्कॅनच नसेल तर सुई टोचा, तुकडा काढा, रिपोर्ट येईपर्यंत घरातल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं.

आता कोणी म्हणेल, मग विचार की नवऱ्याला, किती घाई आहे ते. तिथेच तर गाडी अडलीय! आमच्या घरचा नियम. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याच्या खरेदी विभागात कोणीतरी बोललं होतं — डॉक्टरसाहेबांच्या मिसेस आहेत ना त्या कंपनीत, मग काय, ऑर्डर तिकडेच जाणार. माझ्या कानावर आलं. मी पेटले. घरी येऊन जाहीर केलं — आजपासून या घरात ना तुझं हॉस्पिटल, ना माझी कंपनी. तो म्हणाला, "बरं." त्याचं कशालाही 'बरं' असतं. तेव्हापासून आम्ही भाजी, आमच्या लेकीचा, नूपुरचा अभ्यास, त्याच्या आईचे गुडघे आणि माशांचे भाव यांवर संसार केला. चांगला झाला, खोटं कशाला बोलू.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

केयूरचा फोन. उचलला नाही. पुन्हा फोन. पुन्हा नाही उचलला. मग मेसेज — 'ऑल ओके?' हो रे राजा, ऑल ओके!

मंगळवार, ९ सप्टेंबर

हॉस्पिटलचं मागणीपत्र आज हातात आलं. जयप्रकाशने पाठवलंय, तो तिथला कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. सरळ माणूस. साठ ड्राइव्ह, मॉडेल अमुक, आणि खाली — 'आवश्यकता: ३१ मार्चपूर्वी.'

हुश्श!

मार्च म्हणजे अजून अर्धं वर्ष आहे. जानेवारीत दुसरा माल येणार हे केयूरने मला मेलवर दिलंय. मग भांडण कसलं? पॅलेट न्यू टाउनला, जानेवारीतले पहिले साठ हॉस्पिटलला. उगाच आठवडाभर जिवाला घोर लावून घेतला.

तरी जेवताना एकदा ओठांवर आलं होतं. अजेय पार्शे माशाचे काटे काढत बसला होता, तल्लीन होऊन. (माझ्या माहेरी साताऱ्याला घरात अंडं शिजत नव्हतं. कोलकात्यातच वाढलेल्या या बालीगंजच्या देशस्थाने मला सगळं शिकवलं.) मी नुसतं म्हटलं, "कसं काय चाललंय?" त्याने मान वर करून पाहिलं. मग म्हणाला, "चाललंय. मोहरी छान लागलीय आज."

झालं! मोहरी.

गुरुवार, ११ सप्टेंबर

ठरवलं. पॅलेट न्यू टाउनला. केयूरला कळवलं. पठ्ठ्या इतका खूश की मला रॉकस्टार म्हणाला. पन्नाशीला आलेली बाई, गुडघ्याला पट्टा, आणि म्हणे रॉकस्टार! पण ऑफिसात आज सगळ्यांचे चेहरे उजळले. आमच्या अकाउंट्सच्या आशाताईंनी संदेश मिठाई मागवली. ऑफिस राहील आता, निदान वर्षभर तरी.

जयप्रकाशला सांगितलं, जानेवारीत पहिला नंबर तुमचा. तो जरा थांबला. मग म्हणाला, "जी मैडम. आप जैसा कहें." फोन ठेवला. तो थांबला का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं का? छे. कागदावर मार्च आहे. कागद तर कागद.

रविवार, १४ सप्टेंबर

नूपुर पंडालसाठी वर्गणी गोळा करत फिरतेय मैत्रिणींबरोबर. पोरीचं मराठी ऐकून तिची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, हसून हसून बेजार. "आई, बाबा अजून आली नाही?" मी म्हटलं, बाबा आली नाही, बाबा आला नाही! ती म्हणते, बंगालीत सगळे एकच असतात, किती सोपं आहे बघ. वर मलाच शिकवते.

बाबा खरंच आली नव्हती. रविवार असून हॉस्पिटलला. गेला आठवडाभर हेच. संध्याकाळी येतो तेव्हा डोळे लाल. विचारलं तर म्हणतो, "थोडं आवरतोय." कपाट आवरावं तसं म्हणाला. मी पुढे विचारलं नाही. तिथून पुढे हॉस्पिटलची हद्द सुरू होते.

बुधवार, २४ सप्टेंबर

कोलकाता बुडालं होतं काल. आज चांदनी मार्केटला गेले तर रस्त्यावर अजून घोट्याएवढं पाणी. आणि सलीलदा दुकानाच्या फळीवर मांडी घालून चहा पीत बसलेले, राजासारखे!

सलीलदा आमचे सगळ्यांत जुने डीलर. पंडालचे कॅमेरे, लग्नाचे व्हिडिओवाले, पॅथॉलॉजी लॅब — सगळ्यांना डिस्क पुरवणारा माणूस. आमच्या धंद्यात एक रीत आहे. तिमाही संपत आली की कंपनी टार्गेटसाठी घायकुतीला येते आणि आम्ही डीलरांच्या हातापाया पडतो — घ्या हो, आणखी थोडा माल घ्या, माझ्यासाठी घ्या. गिऱ्हाईक नसलं तरी घ्या. कोलकात्यात ही वेळ नेमकी पूजेच्या तोंडावर येते, जेव्हा कोणाचं धंद्यात लक्ष नसतं. सलीलदा दर वेळी शिव्या घालतात आणि दर वेळी घेतात. गेल्या वर्षी असेच मोठे ड्राइव्ह मी त्यांच्या गळ्यात मारले होते. तेव्हा म्हणाले होते, "मधुदी, एगुलो आमि की कोरबो, यांचं काय लोणचं घालू?"

आज विचारलं, गोदामात पाणी शिरलं का? म्हणाले, "परवाच सगळा माल हावड्याला घरी हलवला. आता कोण ठेवणार खाली! सोनं आहे ते." डोळे मिचकावले. या वर्षी मी त्यांना काही घ्या म्हटलं नाही, तर त्यांना चुकल्या-चुकल्यासारखं झालं असावं. दुसरा चहा पाजूनच सोडलं.

मंगळवार, ३० सप्टेंबर. अष्टमी

उशीर झालाय. तरी लिहिते.

सोसायटीच्या पंडालात भोग, म्हणजे देवीचा महाप्रसाद. खिचुडी, लाब्ड्याची मिक्स भाजी, चटणी. पंगतीत माझ्या शेजारी जयप्रकाश, बायकोमुलांसह. अजेयनेच बोलावलं होतं त्याला. इकडचं-तिकडचं बोलणं चाललं होतं. आणि बोलता बोलता तो सहज म्हणाला, "मैडम, लक्ष्मीपूजा के बाद पुराना डेटा हटाना शुरू करेंगे. सर ने खुद बैठकर क्रम तय किया है."

इथली लक्ष्मीपूजा म्हणजे कोजागरी, सहाच दिवसांवर. मी म्हटलं, कसला डेटा?

जुने स्कॅन! सर्व्हर भरलाय. मार्च-बिर्च काही नाही, आत्ताच भरलाय! नवे पेशंट रोज येतायत, डेंग्यू आहे, अपघात आहेत, त्यांचे स्कॅन ठेवायला जागा नाही. म्हणून सगळ्यांत जुने पुसायचे. मी म्हटलं, अहो, तुमच्या कागदावर ३१ मार्च लिहिलंय! तर तो बिचारा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, "वो तो खरीदी विभाग हर कागज पर लिखता है, मैडम. साल का बजट है ना."

हर कागज पर. प्रत्येक कागदावर. खुर्च्या मागवल्या तरी मार्च, बँडेज मागवली तरी मार्च. सरकारी असो, खाजगी असो, या देशात कोणीही काहीही मागवलं तरी ते मार्चअखेर! हे मला माहीत नाही? इतकी वर्षं मी काय गवत उपटत होते? कुठल्याही दुसऱ्या गिऱ्हाइकाचा कागद असता तर मी फोन उचलून विचारलं असतं — खरं सांगा, कधी हवंय? प्रत्येकाला विचारते! एका याच हॉस्पिटलला विचारलं नाही. कारण तिथे माझा नवरा आहे.

खिचुडी तशीच टाकून उठले. आजी विचारत राहिल्या, काय झालं, मिरची लागली का.

बुधवार, १ ऑक्टोबर. नवमी

भांडलो. म्हणजे मी भांडले. पूजेचे ढाक-ढोल वाजत होते खाली, त्यामुळे जोरात बोलायची सोय होती.

"तू सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"मी विचारलं होतं! कसं चाललंय म्हणून विचारलं होतं, तू मोहरी सांगितलीस!"

"नियम तुझा होता, मधू." अगदी शांतपणे. आवाज चढवत नाही हा माणूस, त्यानेच माझं डोकं जास्त फिरतं. "मी सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? आम्हाला दिले असतेस. आणि लोक म्हणाले असते, नवऱ्यासाठी दिले. किंवा म्हणून मुद्दाम दिले नसतेस. दोन्हीकडून तुलाच त्रास होता."

"आणि ज्यांचे स्कॅन जाणार त्यांना?"

तो म्हणाला, "लहान मुलांचे सगळे ठेवलेत. त्यांना पुढे सगळं आयुष्य काढायचंय. मोठ्यांचे जुन्यापासून जातील. जितके वाचतील तितके वाचतील."

म्हणजे गेले पंधरा-वीस दिवस हा माणूस तिथे बसून ठरवत होता, कोणाचं राहील आणि कोणाचं जाईल. एकटा. आणि घरी येऊन माझ्या स्वयंपाकाचं कौतुक करत होता. मला राग आला, आणि रडूही आलं. दोन्ही एकदमच.

केयूरला फोन लावला. पॅलेट केव्हाच न्यू टाउनला पोचलं, रॅकमध्ये चढलंसुद्धा. "जानेवारी, मधुवंती. प्रॉमिस." फोन आपटायची सोय राहिली नाही आजकाल.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दशमी

देवी गेली. सगळा बाजार बंद. सलीलदांचा फोन लागत नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

फोन लागत नाही तर नाही! उठले आणि सरळ हावड्याला गेले. बाबूघाटावरून फेरी. गंगेत अजून मूर्तींचे सांगाडे आणि फुलं तरंगत होती. कालच्या विसर्जनाने सगळं शहर थकून पडलेलं.

सलीलदा लुंगीवर. मला दारात बघून हादरलेच. आधी दशमीनंतरचं शुभो बिजोया, मिठी, नारळाचे नाडू-लाडू, निमकीच्या खाऱ्या पुऱ्या. खाल्ल्याशिवाय बोलूच देईनात. मग मी सगळं सांगितलं. हॉस्पिटल, स्कॅन, मार्च, नवरा, नियम — सगळं. इतकं आपलं घरचं मी कधी कोणा डीलरला सांगितलं नव्हतं.

ऐकून घेतलं त्यांनी. मग गडगडाटी हसले! "म्हणजे तुम्ही नवरा-बायको एका घरात राहता, एका ताटलीतून मासा खाता, आणि एकमेकांना टेंडर पाठवता? मधुदी, तुम्ही मराठी लोक फार भयंकर!" त्यांच्या बायकोने त्यांना गप्प केलं. मी हसले नाही. हसायला हवं होतं खरं तर.

मग वर घेऊन गेले. पलंगाखाली, कपाटावर, देवघराशेजारी — सगळीकडे आमच्या कंपनीची खोकी. मी गेल्या वर्षी गळ्यात मारलेला तोच माल! मॉडेल हॉस्पिटलच्या सर्व्हरला चालणारं. पण पुष्कळसा विकला गेलेला. मोजले तर वीस निघाले. बाजारात आज त्याला कोणीही काय वाटेल तो भाव देईल. सलीलदा म्हणाले, "तुम्ही दर पूजेला माझ्याकडे येऊन रडता. या वेळी पहिल्यांदाच खरं रडताय. घेऊन जा." भाव गेल्या वर्षीचाच लावला.

साठ हवे होते, वीस मिळाले. परतताना खोकी मांडीवर घेऊन टॅक्सीत बसले, लेकरं घेऊन बसावं तशी.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

ड्राइव्ह हॉस्पिटलमध्ये पोचलेत. तातडीची खरेदी म्हणून मंजुरीही झाली. अजेयने सही केली नाही, माझी कंपनी म्हणून! संचालक पुरीला सुट्टीवर, त्यांनी समुद्रावरून फोनवर हो म्हटलं. पण ड्राइव्ह नुसते खोचून चालत नाहीत, सर्व्हर कंपनीचा माणूस लागतो, आणि तो पूजेच्या सुट्टीवर सिलिगुडीला. शुक्रवारी येणार.

आणि जागा शुक्रवारपर्यंत थांबत नाही. आज सकाळी पुसायला सुरुवात झाली. जयप्रकाशने फोनवर सांगितलं. रडवेला झाला होता. मी म्हटलं, तुमची चूक नाही हो.

अजेय वेळेवर घरी आला. आज आवरायचं काही उरलं नव्हतं. गॅलरीत बसून राहिला. मी चहा नेऊन दिला आणि शेजारी बसले.

शनिवार, ११ ऑक्टोबर

चालू झाले! वीसच्या वीस चालू! काल दुपारी इंजिनियर आला, आज सकाळी पुसणं थांबवलं. २०१५ पासूनचं सगळं वाचलं. लहान मुलांचं तर सगळंच. त्याआधीचे मोठ्यांचे गेले. जानेवारीपर्यंत आता वीस ड्राइव्ह पुरतील.

जयप्रकाश म्हणाला, "मैडम, आपने बहुत बचा लिया." मी काय वाचवलं? सलीलदांनी वाचवलं. आणि जे गेलं ते माझ्यामुळे गेलं. पण आज तरी हलकं वाटतंय. येताना गरियाहाटला उतरून भेटकी मासा आणला.

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा

अजेयला ओवाळलं. आजी नव्वदीला टेकल्यात पण उटण्यापासून सगळ्यावर लक्ष. नूपुरने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि म्हणाली, आई, तू लाजलीस! लाजते कसली, तेल संपून निरांजन विझत होतं.

ओवाळणीत काय घातलं असेल या माणसाने? गेल्या महिन्यात जी साडी मी 'नको, महाग आहे' म्हणून दुकानात ठेवून आले होते, तीच. म्हणजे लक्ष असतं तर!

फराळ करताना मी म्हटलं, आजपासून तो नियम रद्द. मीच केला होता, मीच मोडते. हॉस्पिटलचं, कंपनीचं, जे असेल ते या घरात बोलायचं. लोक काय म्हणतात ते म्हणू देत. झाली इतकी वर्षं, कंटाळा आला मला.

तो म्हणाला, "बरं." मग चकली मोडता मोडता आपणहून बोलायला लागला. कोण नवीन डॉक्टर आलीय, कोणतं मशीन बिघडलंय, खरेदी विभागातला दत्तबाबू कसा पेनाला टोपण लावत नाही. अर्धा तास! मला वाटलं, एवढं सगळं हा ठेवत कुठे होता. आजी म्हणाल्या, आज याला काय झालंय.

बरं वाटलं. खूप बरं वाटलं आज.

शनिवार, १ नोव्हेंबर

केयूर म्हणतो जानेवारीचे साठ पक्के. मी म्हटलं, मेल नको, चलान नंबर दे. शिकले मी.

हवा छान पडलीय. स्वेटर उन्हात टाकले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

संध्याकाळी अजेय म्हणाला, "नियम रद्द झालाय ना? मग सांगतो."

उजव्या फुप्फुसात डाग आहे. त्याच्या. हॉस्पिटलच्या वार्षिक तपासणीत दिसला. २०१३ ला न्यूमोनिया झाला होता तेव्हाही तिथे काहीतरी बारीकसं राहिलं होतं म्हणे. तेच आहे की नवीन आहे, हे सांगायला तेव्हाचा स्कॅन नाही. पहिल्याच दिवशी गेला. क्रम यानेच लावला होता.

मी ओरडले — तुला माहीत होतं ना तुझा त्यात आहे? मग स्वतःचा एक तरी काढून ठेवायचास!

म्हणाला, "सिस्टर आपापले स्कॅन मागत होत्या, पेशंट मागत होते, मधू. ओळखीच्यांचे ठेवायचे आणि बाकीच्यांचे पुसायचे, असं कसं करणार? सगळ्यांना नाही म्हटलं. मग माझा कसा घेऊ?"

सोमवारी सुई टोचणार आहेत.

एक स्कॅन. दोन मिनिटांचं काम. माझ्या पर्समध्ये कंपनीचे पेनड्राइव्ह कायम पडलेले असतात. येईल-जाईल त्याला वाटत फिरते मी.